कथेतील छिद्रे आणि छिद्रान्वेषी रसिक

गोष्ट ऐकणाऱ्याच्या तोंडून 'मग पुढे काय झाले?' हा प्रश्न जितक्या सहजतेने निघतो, तितक्याच सहजतेने आणखी एक प्रश्न निघत असतो : 'पण हे झाले कसे?' पहिल्या प्रश्नाने कथेकऱ्यास हुरूप येतो. दुसऱ्याने त्याच्या कपाळास आठी पडते. पुराणिकबुवांच्या श्रोतृसमाजात शंका काढणारा एखादा तरी गृहस्थ असावयाचाच, आणि बुवांनी पोथी मिटून त्याचे समाधान करावयाचे, हा आपल्याकडील जुना परिपाठ होय. शंका काढणाऱ्यास कोणी पाखंडी म्हटले नाही. कारण जो पुराणास येतच नाही, त्याला शंकाही येत नाही, हे सर्वांस ठाऊक होते.

या परिपाठाची आठवण आम्हांस एका इंग्रजी दूरचित्रवाणी मालिकेच्या निमित्ताने झाली. 'इनसाइड नंबर नाइन' या नावाची ही मालिका बी.बी.सी.ने २०१४ साली सुरू केली व २०२४ साली ती संपली. स्टीव्ह पेम्बर्टन व रीस शिअरस्मिथ हे दोघे तिचे लेखक आणि नटही. नऊ पर्वे व एक विशेष प्रयोग मिळून तिचे ५५ भाग झाले. प्रत्येक भाग सुमारे अर्ध्या तासाचा, प्रत्येकाची गोष्ट स्वतंत्र, पात्रे निराळी. समान गोष्ट एवढीच की, नऊ हा आकडा कोठेतरी असावयाचा. कधी तो घराचा क्रमांक असतो, कधी आगगाडीच्या शयनकक्षाचा, तर कधी नुसत्या बुटाचे माप. हसता हसता घशात आवंढा अडकावा असा विनोद, आणि अखेरीस सर्व चित्र उलटेपालटे करून टाकणारी कलाटणी, हे या कथांचे लक्षण. भाग संपला की तिच्या चाहत्यांत वाद सुरू होई : कलाटणी न्याय्य होती की नाही? अमक्याने तमके आधीच का सांगितले नाही? ही लेखकाची चूक म्हणावी की योजना? या वादास पोरखेळ म्हणून झटकून टाकणे सोपे आहे. परंतु त्याची वंशावळ शोधू गेल्यास ती फार थोर घराण्यापर्यंत पोहोचते.

होमरच्या 'इलियड' महाकाव्यात पायलेमेनीझ नावाचा एक राजा पाचव्या सर्गात मारला जातो. आणि तेराव्या सर्गात तोच राजा आपल्या पुत्राच्या शवामागून रडत चाललेला दिसतो. प्राचीन टीकाकारांनी या स्थळावर पुष्कळ खल केला. एकाच नावाचे दोन राजे असावेत असे कोणी म्हणाले, तर कोणी पाठभेदाचा आश्रय घेतला. होमरसारख्यासही कधी डुलकी लागते, हा होरेस कवीचा अभिप्राय पुढे म्हणीसारखा रूढ झाला. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. सामान्य कवीची चूक कोणी आठ सर्ग लक्षात ठेवीत नाही, होमरची ठेवतात.

चूक दाखविल्यावर लेखकाने काय करावे, याचा सर्वांत रम्य धडा स्पेन देशाच्या सर्व्हांटिसने घालून दिला आहे. 'डॉन किहोटे' या त्याच्या कादंबरीचा पहिला भाग १६०५ साली प्रसिद्ध झाला. त्यात सांको पांझाचे गाढव चोरीस जाते. पण चोरीची हकीकत पहिल्या आवृत्तीत छापलीच गेली नव्हती, आणि गेलेले गाढव परत मिळाल्याचे सांगण्यापूर्वीच सांको त्याच्यावर बसलेला आढळतो. वाचकांनी ही चूक पकडली. १६१५ साली दुसरा भाग निघाला, तेव्हा सर्व्हांटिसने त्यातील एका पदवीधर विद्वानाच्या तोंडून हाच आक्षेप खुद्द सांकोपुढे मांडविला. सांको चोरीची हकीकत सांगतो. पण गाढव मिळण्याआधीच तू त्यावर कसा बसलास, असे विचारताच, एक तर इतिहासकार चुकला असेल किंवा मुद्रकाचा हलगर्जीपणा असेल, असे म्हणून हात झटकतो! लेखकाने आपली चूक लपविली नाही. तिलाच पात्र करून रंगभूमीवर आणले.

छिद्रान्वेषणास रीतसर शास्त्राचे रूप मात्र शेरलॉक होम्सच्या भक्तांनी दिले. १८८७ सालच्या पहिल्या कादंबरीत डॉक्टर वॉटसनला अफगाण युद्धातील गोळी खांद्यास लागलेली असते. १८९० सालच्या दुसऱ्या कादंबरीत तीच जखम पायात उतरते. त्याचे नाव जॉन. पण एका कथेत त्याची पत्नी त्याला जेम्स म्हणून हाक मारते. १९११ साली ऑक्सफर्ड येथे रोनाल्ड नॉक्स या तरुण विद्वानाने या विसंगतींवर एक निबंध वाचला. बायबलच्या संहितेची चिकित्सा करणारे पंडित ज्या गंभीर पद्धतीने शब्दाशब्दाचा कीस काढीत, तीच पद्धत त्याने होम्सच्या कथांस लावली. हेतू त्या पंडितांची थट्टा करण्याचा होता. परंतु थट्टेतून एक संप्रदायच निघाला. खुद्द कॉनन डॉइलने नॉक्सला पत्र लिहून, या कथांवर कोणी इतके श्रम घ्यावे याचे आश्चर्य व्यक्त केले. पुढे डोरोथी सेअर्स या लेखिकेने वॉटसनच्या नावातील 'एच' हे अक्षर 'हॅमिश' या नावाचे असावे, आणि हॅमिश म्हणजे स्कॉटलंडातील जेम्सच, असे समाधान सुचविले. आमच्या जुन्या टीकाकारांनीही या उत्तरपक्षास मान डोलाविली असती!

होम्सच्या एका कथेतील छिद्र तर आपल्या घरच्या अंगणातले आहे. १८९२ सालच्या 'स्पेकल्ड बँड' या कथेत एका डॉक्टराने हिंदुस्थानातून आणविलेला विषारी सर्प दोरीवरून खाली उतरतो, शिटी ऐकून परत फिरतो आणि बक्षीस म्हणून बशीतले दूध पितो. सर्पाला बाह्य कर्ण नसतात आणि दूध हे त्याचे अन्न नव्हे. नागपंचमीच्या दिवसांत आपले सर्पमित्र हीच गोष्ट दरवर्षी कंठशोष करून सांगत असतात. कथेतला सर्प ज्या नावाचा व वर्णनाचा आहे, तसा सर्पही या देशात कोणास ठाऊक नाही. असे असूनही डॉइलने १९२७ साली आपल्या आवडत्या कथांची यादी केली, तेव्हा हीच कथा पहिल्या स्थानी ठेवली. आणि तिचा दरारा वाचकांच्या मनातून अद्याप ओसरलेला नाही. यावरून छिद्राने प्रत्येक कथा बुडतेच असे नाही, हे उघड होते. त्या कथेचे बळ अंधाऱ्या खोलीतील जागरणात आहे, प्राणिशास्त्रात नाही.

परंतु ज्या कथेचे सारे बळ शेवटच्या कलाटणीत असते, तिची गोष्ट वेगळी. तेथे मागील प्रत्येक वाक्य त्या एका क्षणाचा भार पेलीत असते. एक दगड निखळला तर कमानच खाली येते. १९२६ साली अगाथा ख्रिस्तीची 'रॉजर ॲक्रॉइडचा खून' ही कादंबरी प्रसिद्ध झाली, तेव्हा वाचकांशी दगाबाजी झाल्याची ओरड अनेकांनी केली. इतरांनी पुस्तक पुन्हा उघडून, लेखिकेने एकही खोटे वाक्य लिहिलेले नाही, असे दाखवून दिले. हा वाद खरोखर न्यायाचा होता. १९२९ साली वर उल्लेखिलेल्या नॉक्सनेच रहस्यकथेचे दहा नियम सांगितले. त्यांचे सार एवढेच की, जे गुप्तहेरास दिसते ते वाचकासही दिसले पाहिजे. लेखकाने वाचकास फसवावे, पण त्याच्याशी खोटे बोलू नये, असा हा करार आहे.

या कराराचा गमतीदार भंग दूरचित्रवाणीच्या आरंभकाळात घडलेला दिसतो. रोआल्ड डालची 'लँब टु द स्लॉटर' ही कथा १९५३ साली प्रसिद्ध झाली. एक गर्भवती गृहिणी गोठविलेल्या मेंढीच्या तंगडीने नवऱ्याचा प्राण घेते, ती तंगडी भट्टीत भाजते आणि तपासास आलेल्या पोलिसांनाच वाढते. दगडासारखे गोठलेले मांस काही तासांत शिजेल काय, ही शंका पाकनिपुण गृहिणींच्या मनात येणे स्वाभाविक आहे. वेळ दीडपट लागतो, पण शिजते, असे तिचे समाधान आहे. १९५८ साली आल्फ्रेड हिचकॉकने ही कथा आपल्या मालिकेत दाखविली, तेव्हा अडचण शिजण्याची नव्हती, नीतीची होती. गुन्हेगार सुटला असे घरोघर दाखविणे त्या काळी प्रशस्त मानले जात नसे. म्हणून कथा संपल्यावर हिचकॉक स्वतः पडद्यावर येई आणि गुन्हेगार पुढे कसा पकडला गेला ते तोंडी सांगे. या बाईने दुसऱ्या नवऱ्यावरही हाच प्रयोग केला. परंतु तो विसराळू असल्याने शीतपेटी चालू करावयाचे विसरला होता आणि मांस मऊच राहिले, असे त्याने गंभीर मुद्रेने सांगितले. नीतीचे छिद्र बुजले. पण ज्या ठिगळाने बुजले ते इतके मुद्दाम विजोड होते की, त्यावर कोणी विश्वास ठेवू नये हीच त्यातील खूण.

डालच्या कथांवर आधारलेली 'टेल्स ऑफ द अनएक्स्पेक्टेड' ही मालिका १९७९ पासून १९८८ पर्यंत चालली. पेम्बर्टन व शिअरस्मिथ हे याच परंपरेचे वारस. त्यांनी छिद्राचाच उपयोग कसा केला, हे दोन उदाहरणांनी सांगतो. शेवट उघड केल्यावाचून विवेचन होत नाही, याबद्दल वाचकांनी क्षमा करावी.

२०१५ सालच्या 'ट्वेल्व्ह डेज ऑफ क्रिस्टीन' या भागात एका तरुणीच्या आयुष्यातील प्रसंग सणामागून सण असे पुढे सरकतात. मध्येच काळ उडी मारतो; न ओळखलेला एक पुरुष तिच्या घरात उभा दिसतो; घडते त्याचा मागच्याशी मेळ लागत नाही. लेखकाचे अवधान सुटले, असे पाहणारा मनात नोंदवू लागतो. अखेरीस कळते की, मोटारीच्या अपघातात सापडलेल्या त्या तरुणीच्या डोळ्यांपुढून तिचे आयुष्य सरकत होते, आणि तो अनोळखी पुरुष त्या अपघातस्थळीचा होता. ज्यांस आपण दोष म्हणून मोजीत होतो, त्या साऱ्या खुणा होत्या! दोष मोजणाऱ्या प्रेक्षकास त्या क्षणी जी लाज वाटते, तिच्यातच त्या कथेचे कारुण्य आहे. एका बाईचा प्राण जात होता आणि आम्ही हिशेब तपाशीत होतो.

दुसरे उदाहरण २८ ऑक्टोबर २०१८ रोजी थेट प्रक्षेपित झालेल्या 'डेड लाइन' या भागाचे. प्रयोग सुरू होऊन थोडा वेळ झाला तोच ध्वनी बंद पडला. निवेदकाने दिलगिरी व्यक्त केली आणि त्याऐवजी एक जुना भाग लावण्यात आला. तोही असा की, ज्यात जवळजवळ संवादच नाहीत. अनेक प्रेक्षक कंटाळून उठले. जे बसून राहिले त्यांस थोड्याच वेळात उमगले की, बिघाड हाच प्रयोग होता. २०२३ साली तर एका भागाची रीतसर जाहिरात करून आयत्या वेळी त्या जागी एक प्रश्नमंजूषा दाखविण्यात आली. आणि ती प्रश्नमंजूषा हीच त्या दिवसाची कथा होती. प्रत्येक भागात कोठेतरी सशाची एक लहानशी मूर्ती ठेवलेली असते. ती शोधण्याचा नाद चाहत्यांस होता. म्हणजे छिद्र शोधणाऱ्या डोळ्यांस लेखकांनी मुद्दामच काम दिले होते.

आता प्रश्न असा की, या छिद्रान्वेषणाने लाभ होतो की हानी? आमच्या मते छिद्रे तीन प्रकारची असतात. पहिले निव्वळ प्रमादाचे. वॉटसनची जखम या वर्गातली. त्याने कथेस अपाय होत नाही, रसिकांस मात्र खेळ मिळतो. दुसरे योजनेचे, क्रिस्टीनची कथा या वर्गात येते. तेथे शंका हीच किल्ली असते. तिसरे मात्र आळसाचे : धक्का द्यावयाचा म्हणून पात्रांकडून त्यांच्या स्वभावास न शोभणारे वर्तन करविणे, सहज सांगता आले असते ते त्यांना सांगू न देणे. याच मालिकेच्या 'रिडल ऑफ द स्फिंक्स' या २०१७ सालच्या भागात कलाटणीवर कलाटणी येत जाते, आणि शब्दकोड्याची करामत मनास मोहिनी घालीत असताही, योगायोगांचा भार अखेरीस जरा जास्त झाला, असे आम्हांस वाटले. तिसऱ्या प्रकारच्या छिद्रास क्षमा नाही. विनोद आहे, फार मनावर घेऊ नये, ही सबबही तेथे चालत नाही. हसविणाऱ्यानेही करार पाळलाच पाहिजे.

परंतु करारास दुसरीही बाजू आहे. जो प्रेक्षक आरंभापासून केवळ चूक धरण्यासाठी बसतो, तो फसत नाही हे खरे. पण तो हलतही नाही. कलाटणीचा आनंद फसण्यास तयार असलेल्यालाच मिळतो. प्रथम गोष्टीस शरण जावे, मग शंका काढावी, आणि शंकेचे समाधान प्रथम गोष्टीतच शोधावे, हा क्रम उलटला की रसिकता जाऊन केवळ उलटतपासणी उरते.

महाभारत सांगतेवेळी लेखनिक गणपतीने 'मी थांबणार नाही' अशी अट घातली. तेव्हा 'अर्थ समजल्यावाचून लिहू नये' अशी प्रतिअट व्यासांनी घातली, आणि मधूनमधून ते कूट श्लोक रचीत गेले, अशी कथा आहे. गणपती क्षणभर अडला की व्यासांस पुढचे रचण्यास अवसर मिळे. कथेतील गाठी या अशाच असतात. काही लेखकाच्या डुलकीच्या, काही त्याच्या युक्तीच्या. पण ऐकणारा जेथे अडतो तेथे तो विचार करू लागतो. अडणारा श्रोताच नाहीसा झाला, तर कथेकऱ्यास गाठ मारण्याचे कारण उरणार नाही, आणि ती सोडविण्याचेही.