बंदी, कपबशा आणि बुंडेसलीगा

भगिनींनो, जर्मनीतील स्त्रियांच्या फुटबॉलचा इतिहास वाचताना दोन गोष्टी माझ्या मनात घर करून राहिल्या.

पहिली गोष्ट बंदीची. १९५५ च्या जुलै महिन्यात पश्चिम जर्मनीच्या फुटबॉल संघटनेने आपल्या क्लबांना स्त्रियांचे संघ ठेवण्यास व त्यांना मैदाने देण्यास मनाई केली. कारण काय, तर चेंडूसाठी झटताना स्त्रीचे लावण्य लोपते आणि तिच्या शरीरास व मनास इजा पोहोचते! पण मुली थांबल्या नाहीत. १९५६ साली एसेन शहरी हॉलंडच्या मुलींशी सामना खेळून त्यांनी तो २-१ असा जिंकला. बंदी उठली ती १९७० साली, आणि तीही अटी घालून. सामन्याचा वेळ कमी, बुटांना खिळे नकोत, थंडीच्या दिवसांत खेळ नको!

दुसरी गोष्ट १९८९ ची. त्या वर्षी पश्चिम जर्मनीच्या मुलींनी नॉर्वेला ४-१ असे हरवून युरोपचे अजिंक्यपद मिळविले. संघटनेने प्रत्येकीला बक्षीस काय दिले? कॉफीच्या कपबशांचा संच!

पुढच्याच वर्षी, १९९० साली, स्त्रियांची ‘बुंडेसलीगा’ ही राष्ट्रीय साखळी स्पर्धा २० संघांनिशी सुरू झाली. तिच्यात तयार झालेल्या खेळाडूंनी २००३ व २००७ साली विश्वचषकही जिंकला.

कपबशा घरोघरी लागतातच; पण खेळणारीला आधी मैदान हवे. आपल्या लेकीसुनांना “हे तुला शोभत नाही” असे म्हणण्यापूर्वी हा इतिहास एकवार आठवावा, एवढीच माझी विनंती.