एकाच दगडाचे दोन देश: नौरू आणि किरिबाटी

सिडनीतील एका व्यापारी कचेरीत दार अडवून धरण्यासाठी एक दगड ठेवलेला असे. तो नौरू बेटावरून आलेला होता आणि जीवाश्म झालेले लाकूड समजून कोणी त्याकडे लक्ष देत नसे. १८९९ मध्ये अल्बर्ट एलिस या कर्मचाऱ्याने त्याची तपासणी केली. तो उच्च प्रतीच्या फॉस्फेटचा निघाला. फॉस्फेट म्हणजे खत, आणि खत म्हणजे ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडच्या नापीक कुरणांवरचे गवत.

प्रशांत महासागरात नौरू अवघे २१ चौरस किलोमीटरचे. त्याच्या पूर्वेस सुमारे ३०० किलोमीटरवर बनाबा, जेमतेम ६ चौरस किलोमीटरचे. बनाबावर एलिस मे १९०० मध्ये उतरला आणि वर्षाला ५० पौंडांच्या मोबदल्यात ९९९ वर्षांचा खाणहक्क लिहून घेऊन परतला! बनाबा पुढे ब्रिटिशांच्या गिल्बर्ट-एलिस वसाहतीत सामील झाले. याच वसाहतीतील गिल्बर्ट बेटे म्हणजे आजचा किरिबाटी देश.

पहिल्या महायुद्धानंतर दोन्ही बेटांचे फॉस्फेट ब्रिटन, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंड यांच्या संयुक्त मंडळाकडे गेले. हे मंडळ बाजारभावापेक्षा स्वस्तात आपल्या शेतकऱ्यांना खत पुरवी. आयजीच्या जिवावर बायजी उदार, असाच हा व्यवहार होता.

दुसऱ्या महायुद्धात जपानने नौरूच्या सुमारे १,२०० रहिवाशांना दूरच्या ट्रुक बेटांवर नेले. ३१ जानेवारी १९४६ रोजी त्यांपैकी ७३७ परतले. १९६८ मध्ये स्वातंत्र्यासाठी नौरूने हीच तारीख निवडली. त्याआधी ऑस्ट्रेलियाने क्वीन्सलंडजवळच्या एका बेटावर साऱ्या नौरूवासीयांना वसवण्याचा प्रस्ताव दिला होता; आपली वेगळी ओळख पुसली जाईल म्हणून त्यांनी तो नाकारला.

मग पैशाचा पूर आला. १९७० च्या दशकात दरडोई उत्पन्नात नौरू जगातील अतिश्रीमंत देशांच्या पंगतीत बसला. प्राप्तिकर नाही, शिक्षण आणि उपचार मोफत, स्वतःची विमानसेवा, मेलबर्नमध्ये ५२ मजली ‘नौरू हाऊस’. १९९३ मध्ये लंडनच्या रंगभूमीवर लिओनार्दो दा विंचीवरील एका संगीतिकेतही सरकारने पैसा ओतला. ती साफ कोसळली. दरम्यान बेटाचा सुमारे ८० टक्के भाग खणून चुनखडीच्या सुळक्यांचे ओसाड रान उरले. शेती, मासेमारी सुटली आणि डबाबंद अन्न आले. १९७० च्या दशकातच प्रौढांपैकी सुमारे एक-तृतीयांश मधुमेही असल्याचे तपासणीत आढळले. ज्या काळाला नौरूचा सुवर्णकाळ म्हणतात, तो हाच काळ. फॉस्फेट सरले, कर्ज वाढले आणि २००४ मध्ये मेलबर्नची इमारतही विकावी लागली.

किरिबाटीची कहाणी वरकरणी उलट आहे. वसाहतीच्या प्रशासनाने १९५६ मध्ये बनाबाच्या फॉस्फेट-उत्पन्नातून एक राखीव निधी उभारला. १९७९ मध्ये स्वातंत्र्य मिळाले त्याच वर्षी बनाबाची खाण संपली. निर्यातीचा बहुतांश भाग आणि सरकारी उत्पन्नाचा सुमारे निम्मा वाटा एका फटक्यात गेला. तरी देश उभा राहिला तो या निधीमुळे. नव्या सरकारने तो उधळला नाही, याचे श्रेय त्याला दिलेच पाहिजे. आज त्यात एक अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलरहून अधिक रक्कम आहे.

म्हणून किरिबाटीतले जगणे सुखाचे झाले का? निम्म्याहून अधिक लोक दक्षिण तारावाच्या चिंचोळ्या पट्टीत दाटीने राहतात. पिण्याचे पाणी प्रवाळाखालच्या गोड्या पाण्याच्या पातळ थरातून येते आणि तो थर वस्तीच्या सांडपाण्याने दूषित होतो. बालमृत्यूंचे प्रमाण प्रशांत महासागरातील देशांत अधिक असलेल्यांपैकी आहे. उधळ्या नौरूचे दरडोई उत्पन्न आजही काटकसरी किरिबाटीपेक्षा जास्त आहे, आणि दोन्हीकडे सरासरी आयुर्मान साठीच्याच घरात आहे. संकटात राष्ट्राचा तोल सांभाळणारा निधी आणि घरातल्या नळाला येणारे स्वच्छ पाणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

शिवाय त्या निधीमागचा दगड कोणाच्या पायाखालचा होता? ब्रिटिशांनी १९४२ मध्ये बनाबांच्याच पैशातून फिजीतील राबी बेट विकत घेतले. जपानी ताब्यातून सुटलेल्या बनाबांना डिसेंबर १९४५ मध्ये तेथे उतरवण्यात आले. निवारा तंबूंचा, आणि चक्रीवादळांचा हंगाम तोंडावर. मायभूमीत खाण चालूच राहिली. त्यांनी लंडनच्या न्यायालयात दाद मागितली. सुनावणी २०० हून अधिक दिवस चालली. १९७६ च्या निकालात ब्रिटिश सरकारवर फक्त नैतिक जबाबदारी आढळली. न्यायालय तिची अंमलबजावणी करू शकत नव्हते. अखेर सरकारने कृपादान म्हणून देऊ केलेले एक कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर बनाबांनी १९८१ मध्ये स्वीकारले.

नौरूला निदान प्रतिवादी मिळाला. त्याने १९८९ मध्ये ऑस्ट्रेलियाला हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात खेचले आणि १९९३ मध्ये १०.७ कोटी ऑस्ट्रेलियन डॉलरची तडजोड झाली. बनाबांपाशी स्वतःचे राष्ट्रच नव्हते. त्यांची वस्ती फिजीत, बेट किरिबाटीत. त्या देशाच्या संसदेत राबीवरील बनाबांच्या प्रतिनिधीसाठी एक जागा राखीव आहे.