लेसर-तप्त धातू प्लाझ्मा : क्ष-किरण मापन

निर्वात कक्षात ठेवलेल्या धातूवर लेसरचा स्पंद केंद्रित केला की पृष्ठभागाचा प्लाझ्मा (आयनद्रायू) होतो आणि त्यातून क्ष-किरण बाहेर पडतात. त्यांची ऊर्जा, वर्णपट आणि कालावधी मोजण्याचे हे तंत्र. दर चौरस सेंटीमीटरला १० कोटी मेगावॅट तीव्रता असली, तर प्लाझ्माचे तापमान काहीशे इलेक्ट्रॉन-व्होल्टपर्यंत चढते. १ इलेक्ट्रॉन-व्होल्ट म्हणजे सुमारे ११,६०० केल्व्हिन. त्यात सगळा खेळ बहुधा काही अब्जांश सेकंदांत आटोपतो. तेव्हा बाहेर आलेल्या किरणांवरूनच आतले ताडावे लागते.

सर्वांत साधे साधन म्हणजे सिलिकॉनचा पिन डायोड. सिलिकॉनमध्ये इलेक्ट्रॉन-विवर अशी एक जोडी सुटायला सुमारे ३.६ इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागतात. त्यामुळे ऑसिलोस्कोपवर दिसलेल्या विद्युत्भारावरून शोषलेली ऊर्जा काढता येते. पण डायोडला लेसरचा विखुरलेला प्रकाशही दिसतो. तो अडवायला पुढे काही मायक्रॉन जाडीचा धातूचा पत्रा (फिल्टर) लावतात. हा पत्रा आधी दिव्यासमोर धरून पाहायचा. सुईच्या टोकाएवढा उजेड आला तरी तो बाद. दोन वेगवेगळ्या जाडीच्या पत्र्यांमागील संकेतांच्या गुणोत्तरावरून तापमान काढण्याची पद्धत जुनी आणि सोपी आहे, मात्र ती वर्णपट अखंड आहे असे गृहीत धरते. धातूच्या प्लाझ्मात हे गृहीतक लंगडे पडते, कारण त्यात ठळक रेषा असतात.

ॲल्युमिनियमचेच पाहा. दोनच इलेक्ट्रॉन उरलेल्या त्याच्या आयनाची मुख्य रेषा ७.७६ अँगस्ट्रॉमला येते, आणि थंड ॲल्युमिनियमची शोषणसीमा ७.९५ अँगस्ट्रॉमला आहे. म्हणजे ॲल्युमिनियमच्या प्लाझ्मासमोर ॲल्युमिनियमचाच पत्रा लावला, तर जी रेषा मोजायची तीच तो सर्वाधिक गिळतो! अशा वेळी बेरिलियमचा पत्रा बरा. रेषा सुट्या पाहायच्या असल्या तर स्फटिक वर्णपटमापक लागतो. थॅलियम ॲसिड थॅलेटच्या स्फटिकावर ही रेषा सुमारे साडेसतरा अंशांवर परावर्तित होते. एकच इलेक्ट्रॉन उरलेल्या आयनाच्या रेषेशी तिची तुलना केली की तापमानाचा अधिक भरवशाचा अंदाज मिळतो. प्लाझ्माचा आकार सूचिछिद्र कॅमेरा टिपतो, तर क्षणाक्षणाचा चढउतार स्ट्रीक कॅमेरा.

सोन्यासारख्या जड धातूत रेषांची इतकी गर्दी होते की त्या सुट्या करण्याऐवजी पट्ट्यापट्ट्यांनी ऊर्जा मोजणे सोयीचे ठरते. अमेरिकेतील नॅशनल इग्निशन फॅसिलिटीत ‘दान्ते’ हा १८ वाहिन्यांचा डायोडसंच सोन्याच्या पोकळ नळकांड्यातून येणारे किरण मोजतो. तेथील तापमान ३०० इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या, म्हणजे सुमारे ३५ लाख अंशांच्या घरात जाते. या पद्धतीत प्रत्येक फिल्टरची पारगम्यता आणि डायोडची संवेदनशीलता आधी मोजलेली हवी. हे कंटाळवाणे काम सिंक्रोट्रॉनवर करतात. भारतात त्यासाठी इंदूरचे इंडस-१ आणि इंडस-२ आहेत. एवढे करूनही दर शॉटला लक्ष्यातून उडालेली धातूची वाफ फिल्टरवर बसते, पारगम्यता घसरते आणि संकेत हळूहळू उतरू लागतो. लेसर कमजोर झाला अशी शंका घेण्याआधी फिल्टर बदलून पाहतात.