रोहिणीवेधानंतरचे रक्तस्तंभन : साधनांच्या तुलनेचा इतिहास

हृद्रोगचिकित्सेच्या इतिहासात हृदयापर्यंत पोहोचण्याच्या पराक्रमाचे वर्णन विस्ताराने आढळते; परंतु त्यासाठी रोहिणीला जे छिद्र पाडावे लागले, ते कसे बुजविले गेले, हा प्रश्न उपेक्षितच राहिला आहे. वस्तुतः अशा उपचारांनंतर उद्भवणारे अनेक अपाय हृदयाशी नव्हे, तर या छिद्राशी निगडित असतात.

इ. स. १९५३ मध्ये स्वीडनमधील सेल्डिंगर यांनी सुई, तार व नलिका यांच्या साह्याने, शस्त्राने रोहिणी उघडी न करता, तीत प्रवेश करण्याची रीती प्रसिद्ध केली. जडकिन्स यांनी १९६७ मध्ये मांडीतील रोहिणीतून हृद्‌रोहिण्यांचे चित्रण करण्याची पद्धती मांडली आणि १९७७ मध्ये ग्रुंट्झिग यांनी झुरिच येथे फुग्याने हृद्‌रोहिणी रुंद केली. या सर्व काळात रक्तस्तंभनाचे मुख्य साधन एकच होते : हाताचा दाब. रक्त न गोठावे म्हणून दिलेल्या हेपॅरिनमुळे तोही दीर्घकाळ द्यावा लागे, आणि रुग्णास कित्येक तास निश्चल पडून राहावे लागे.

विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकात या गैरसोयीतून नवी साधने निर्माण झाली. ‘व्हासोसील’मध्ये कोलॅजन रोहिणीच्या बाहेर ठेवीत, ‘अँजिओसील’मध्ये आतील नांगर व बाहेरील कोलॅजन यांच्यामध्ये छिद्र धरले जाई, ‘परक्लोज’ने प्रत्यक्ष टाका घातला जाई. साधने रुग्णास लौकर उठवीत, हे निर्विवाद होते. ती अधिक निर्धोक होती काय, हा मात्र निराळा प्रश्न होता. २००४ मध्ये ३० चाचण्यांच्या एकत्रित परीक्षणातून त्यांच्या परिणामकारकतेस जेमतेम आधार मिळाला. उलट रक्तगुल्म व आभासी रोहिणीविस्फार यांचा धोका वाढत असावा, अशी शंका व्यक्त झाली.

या वादास २०१४ मध्ये जर्मनीतील ४,५२४ रुग्णांच्या यादृच्छिक चाचणीने निश्चित वळण दिले. ३० दिवसांतील रोहिणीविषयक अपायांचे प्रमाण साधनांच्या गटात ६.९ टक्के, तर हाताच्या दाबाच्या गटात ७.९ टक्के आढळले. म्हणजे साधने कमी प्रतीची नव्हती, परंतु श्रेष्ठही ठरली नाहीत. रक्तस्तंभनाचा मध्यक काल मात्र दहा मिनिटांवरून एक मिनिटावर आला. साधनासाधनांतही भेद होता : ‘फेमोसील’ ५.३ टक्के, तर ‘एक्सोसील’ १२.२ टक्के प्रसंगी अपयशी ठरले.

दरम्यान कांपो यांनी १९८९ मध्ये मनगटातील रोहिणीतून चित्रण करून प्रश्नाचे स्वरूपच पालटले. ही रोहिणी अस्थीवर टेकलेली असल्याने सहज दाबली जाते. २०११ च्या ७,०२१ रुग्णांच्या चाचणीत रोहिणीविषयक मोठे अपाय मनगटाच्या मार्गाने १.४ टक्के, तर मांडीच्या मार्गाने ३.७ टक्के आढळले. तथापि नलिकेद्वारे महारोहिणीची झडप बसविण्याच्या उपचारात जाड नलिका लागत असल्याने मांडीचा मार्ग पुन्हा महत्त्वाचा झाला. तेथेही २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ५१६ रुग्णांच्या चाचणीत कोलॅजनयुक्त ‘मँटा’ने रक्त अधिक त्वरेने थांबले, पण अपाय १९.४ टक्के झाले. टाका घालणाऱ्या ‘प्रोग्लाइड’ने १२ टक्के.

सारांश, त्वरा व निर्धोकता ही दोन स्वतंत्र मापे होत. पहिल्यावरून दुसऱ्याचे अनुमान काढता येत नाही, हेच या तुलनांच्या इतिहासाचे फलित होय.