खोपोलीचं ओलं फडकं

माझे वडील, अण्णा, गेल्यावर त्यांच्या कपाटात एक वही सापडली. निळ्या पुठ्ठ्याची, शंभर पानी, वर शाईने 'घाट' एवढंच लिहिलेलं. मी आयुष्यभर कॉलेजात इतिहास शिकवला, त्यामुळे जुना कागद दिसला की मनात आधी शतक येतं. वाटलं, घाटवाटांची टिपणं असतील. उघडून पाहिलं तर १९६८ ते १९७९ या काळात आमची गाडी बोरघाटात किती वेळा बंद पडली, याची ती नोंदवही होती. तारीख, वेळ, जागा, किती मिनिटं थांबलो, सोबत कोण, आणि शेवटच्या रकान्यात 'उपाय'. अण्णा सरकारी खात्यात आराखडे काढायचे. रेघ मारल्याशिवाय त्यांना दुःखही मांडता येत नसे.

सतरा नोंदी आहेत. पहिल्या नऊ नोंदींच्या 'उपाय' रकान्यात एकच शब्द आहे: 'वाट पाहिली.'

गाडीचं नाव सांगत नाही, कारण दोष तिचा एकटीचा नव्हता. त्या काळी देशात मोटारगाड्यांची घराणी मोजून तीन. कुर्ल्याला वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर कारखान्यातून निघणारी फियाट, कलकत्त्याजवळ उत्तरपाड्याला बनणारी ॲम्बॅसेडर, आणि मद्रासची स्टँडर्ड हेरल्ड. नवी गाडी हवी तर नंबर लावून वर्षानुवर्षं थांबायचं. म्हणून आम्ही जुनी घेतली. मे महिन्यात दादरच्या मामाकडून पुण्याला परतताना खोपोलीच्या पुढे आलं, की तिन्ही घराण्यांच्या लेकी कडेला बॉनेट वासून उभ्या दिसायच्या. अण्णा त्यांच्याकडे बघून हॉर्न वाजवायचे. दोन वळणांनी आम्हीही त्याच रांगेत.

हा घाट पहिल्यापासून तसाच आहे. चढायचं तर काहीतरी जास्तीचं मागतो. बैलांच्या तांड्यांची ती जुनी वाट. १८३० साली गव्हर्नर जॉन माल्कमच्या कारकिर्दीत चाकाची गाडी जाईल असा रस्ता झाला. मग १८६३ मध्ये रेल्वे चढली, सदतीस फुटांना एक फूट अशा चढाने, तीही सरळ चढली नाहीच. मध्यावर एक रिव्हर्सिंग स्टेशन होतं. तिथे गाडी थांबायची, इंजिन एका टोकाचं सुटून दुसऱ्या टोकाला लागायचं, आणि मग उलट्या तोंडाने पुढचा चढ. १९२९ मध्ये नवा मार्ग झाला तेव्हा ही कसरत संपली. पण कर्जतला मागून ढकलायला जादा इंजिनं लागतात, ती आजही. ही वाट दाखवली शिंग्रोबा नावाच्या धनगराने, आणि वाट कळल्यावर साहेबाने त्यालाच मारलं, अशी आख्यायिका आहे. घाटात त्याचं देऊळ आहे, ट्रकवाले तिथे नाणं टाकतात. वर्गात मी ही गोष्ट सांगताना 'पुरावा नाही' असं बजावायची. गाडीत असताना मात्र आईच्या हातातलं नाणं मी खिडकीतून फेकलेलं आहे.

तर सतरा नोंदी. सगळ्या चढताना, उतरताना एकही नाही. सगळ्या सकाळी अकरा ते दुपारी चारच्या मधल्या. एप्रिल, मे, आणि तीन ऑक्टोबरातल्या. पावसाळ्यात एकही नाही. एवढं सगळं अण्णांनी रकान्यात मांडलं होतं, तरी त्यातून निष्कर्ष काढायला त्यांना सहा वर्षं लागली. मला त्याचं नवल वाटत नाही. आमच्या क्षेत्रातही नोंदी करणारे आणि त्या वाचणारे बहुधा वेगळे असतात.

पुण्यातल्या मिस्त्रींचाही दोष नव्हता. गाडी घाटात बंद पडायची, अर्ध्या-पाऊण तासाने आपली आपण सुरू व्हायची, आणि गॅरेजमध्ये गेली की शाळा तपासायला साहेब आलेल्या दिवशी द्वाड पोर जसं हाताची घडी घालून बसतं तशी वागायची. पहिल्या सेलला सुरू. मिस्त्री काय करणार? त्यांनी कंडेन्सर बदलला. पुढच्या वेळी कॉइल बदलली. आणि ही शंका अगदी रास्त होती, कारण तापली की करंट सोडणारी आणि निवली की पुन्हा देणारी कॉइल हुबेहूब हीच लक्षणं दाखवते. मग पॉइंट घासले, कार्ब्युरेटर उतरवून धुतला, टाकी सोडवून कचरा काढला, पंपाचा पडदा नवा टाकला. प्रत्येक वेळी बिल झालं, आणि प्रत्येक वेळी गाडी पुण्यात उत्तम पळाली. एकदा मिस्त्री इरेला पेटले. 'घाटातच बघतो,' म्हणाले आणि गाडी कात्रजच्या घाटात नेऊन आणली. डिसेंबर महिना, सकाळचे सात. परत येऊन किल्ली अण्णांच्या हातात ठेवून म्हणाले, 'साहेब, गाडी वाघ आहे.'

सगळ्यात वाईट झालं ते चांगल्या हेतूने. कुणीतरी सुचवलं की पंपाला इंजिनाची धग लागते, मध्ये जाड गॅस्केट घाला. मिस्त्रींनी एकावर एक अशी दोन जास्तीची घातली. पंपाची दांडी आतून फिरणाऱ्या कॅमवर टेकून हलते. पंप बाहेर सरकला तशी तिची धाव कमी झाली आणि पेट्रोल आधीपेक्षाही कमी चढू लागलं. नोंद क्रमांक आठ आणि नऊ. नवव्या नोंदीपुढे 'सोबत कोण' या रकान्यात लिहिलंय: 'सासूबाई.' बाकी काही लिहिलेलं नाही, पण मला तो प्रवास आठवतो.

दहावी नोंद १९७४ च्या मे महिन्यातली, आणि तिथे 'उपाय' रकान्यातला शब्द पहिल्यांदा बदलतो. घाट लागण्याआधी खोपोलीत आम्ही नेहमी थांबायचो. अण्णांचा नेम होता: चढाआधी गाडीला वीस मिनिटं विश्रांती, आम्हाला वडे. त्या दिवशी निघालो आणि पहिल्याच मोठ्या वळणावर गाडी दोनदा आचके देऊन थांबली. मागून एक मुलगा पत्र्याच्या डब्यात पाणी घेऊन पळत आला. अशी पाचसात मुलं तिथे असायचीच, तापलेल्या रेडिएटरांवर त्यांचा उन्हाळा निघायचा. अण्णांनी सवयीने रेडिएटरकडे बोट दाखवलं. त्याने बॉनेटखाली डोकं घातलं आणि म्हणाला, 'पाणी हाय की ह्यात. हिचं पेट्रोल उकळलंय.'

अण्णांना ते हास्यास्पद वाटलं. पोराने कमरेचं फडकं सोडलं, डब्यात बुचकळलं आणि इंजिनाच्या अंगाला बसवलेल्या पेट्रोलपंपावर, तिथून वर कार्ब्युरेटरकडे जाणाऱ्या नळीवर गुंडाळलं. वाफ निघाली. पुन्हा भिजवलं, पुन्हा ठेवलं. मग पंपाची हाताने हलवायची बारकी दांडी आठदहा वेळा खालीवर केली. 'मारा सेल.' गाडी सुरू झाली. चार आणे. आणि जाताना त्याने एक वाक्य फुकट दिलं: 'थांबला तर बॉनेट उघडं टाकत जा. बंद ठिवून शिजवता तुम्ही तिला.'

सहा वर्षांची बिलं एका बाजूला आणि हे वाक्य एका बाजूला.

नंतर अण्णांनी पुस्तकं काढून समजून घेतलं आणि जेवणाच्या टेबलावर आम्हाला समजावलं, तेवढं मला अजून येतं. पेट्रोल हा एक द्रव नाही, अनेक द्रवांचं मिश्रण आहे. त्यातले सगळ्यात हलके अंश पस्तीस-चाळीस अंशांनाच वाफ व्हायला लागतात. टाकी मागे, पंप पुढे इंजिनाला चिकटलेला. तो पेट्रोल ओढून घेतो, आणि ओढताना नळीतला दाब कमी होतो. दाब कमी झाला की उकळायला उष्णता आणखी कमी पुरते. घाटात गाडी दुसऱ्या गिअरमध्ये कण्हत चढते, इंजिन पूर्ण जोर लावतं, पण समोरून वारा नाही. नळीत वाफेचा फुगा धरतो. पंपाचा पडदा द्रव ढकलण्यासाठी बनवलेला. वाफ तो नुसती दाबतो आणि सोडतो. इंग्रजीत ह्याला व्हेपर लॉक म्हणतात. आमच्याकडचे मिस्त्री 'एअर धरली' म्हणायचे. हवा तिथे नसतेच, पण नाव वाईट नाही.

आणि ती वीस मिनिटांची विश्रांती! इंजिन बंद केलं की पंखा थांबतो, पाणी फिरायचं थांबतं, लोखंडात साठलेली धग मात्र बाहेर येतच राहते. बंद बॉनेटखाली पहिली काही मिनिटं पंप आणखी तापतो. म्हणजे आम्ही वडे खात होतो तेव्हा पेट्रोल उकळायला ठेवलेलं होतं. निवायला वीस मिनिटं पुरत नसत, शिजायला भरपूर होती.

अमेरिकेत याच रोगावर पेट्रोलच्या नळीला कपडे वाळत घालायचे लाकडी चिमटे लावायचे, असं नंतर वाचलं. त्याने खरोखर फरक पडायचा की मनाचं समाधान, यावर तिथे अजून वाद आहेत. फडक्याबद्दल मात्र वाद नाही. पाणी वाफ होताना उष्णता घेऊन जातं, माठात जातं तसंच. खोपोलीच्या पोराला हे शास्त्र ठाऊक होतं का, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटत नाही. त्याला ते दिवसातून दहा वेळा दिसत होतं, आणि पुण्यातल्या निष्णात मिस्त्रीला आयुष्यात एकदाही दिसलं नव्हतं. हा बिघाड गाडीत राहतच नव्हता. तो घाटात, दुपारच्या उन्हात राहायचा. त्यामुळे त्याचा वैद्यही तिथेच.

दहाव्या नोंदीनंतर वहीचा नूर पालटतो. 'फडकं. ९ मि.' 'फडकं. ६ मि.' 'फडकं, आधीच. थांबलो नाही.' पुढे अण्णा खोपोलीत थांबले की बॉनेट वर, फडकं ओलं, आणि शेजारच्या गाडीवाल्यांना फुकट व्याख्यान.

ती विद्या आता कुणाला लागत नाही. २००० च्या सुमाराला प्रदूषणाचे नियम कडक झाले तसे कार्ब्युरेटर गेले आणि फ्युएल इंजेक्शन आलं. त्यात विजेचा पंप टाकीच्याच आत असतो, पेट्रोल ओढत नाही, मागून दाबाने ढकलतो. दाबाखालचं पेट्रोल सहजी उकळत नाही. २००२ पर्यंत द्रुतगती मार्ग पूर्ण झाला. २०२३ च्या ऑक्टोबरअखेर मुंबईची शेवटची काळीपिवळी पद्मिनी टॅक्सी, म्हणजे तीच प्रीमियरची फियाट, रस्त्यावरून उतरली, तेव्हा वर्तमानपत्रांनी तिच्या टपावरच्या कॅरिअरला आणि आतल्या रंगीत छताला निरोप दिला. पंपावरच्या फडक्याची आठवण कुणी काढलेली मला तरी दिसली नाही. जुन्या गाड्या हौसेने सांभाळणारा माझा भाचा मात्र म्हणतो की पेट्रोलमध्ये इथेनॉल आल्यापासून उन्हाळ्यात पुन्हा ते आचके येतात. असेल. इथेनॉल थोडं मिसळलं की पेट्रोल जास्त लवकर वाफ धरतं, हे खरं आहे.

शेवटची नोंद १९७९ च्या एप्रिलची. त्या वर्षी अण्णांनी गाडी सोलापूरच्या एका गृहस्थांना विकली. कागदपत्रांबरोबर पान्यांचा संच दिला, आणि एक धुतलेलं, घडी केलेलं फडकं, वर कागदावर सूचना लिहून. दिवाळीच्या सुमाराला त्यांचं पोस्टकार्ड आलं, ते वहीतच ठेवलेलं आहे. गाडी उत्तम आहे, उन्हातान्हात कुठेही अडत नाही, असं लिहिलंय. सोलापूर ते पुणे वाटेत घाट नाही. खाली तिरक्या अक्षरात: 'फडके फार उपयोगी. काच पुसतो.'