‘सैराट’वरून आपण का भांडतो? आंतरजातीय प्रेम, सिनेमा आणि संगीताची ऐंशी वर्षे

२९ एप्रिल २०१६ रोजी नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ प्रदर्शित झाला. शंभर कोटींचा पल्ला गाठणारा पहिला मराठी चित्रपट म्हणून तो गाजला. वरातीत, गणपतीत, कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये आणि जयंतीच्या मिरवणुकीतही ‘झिंगाट’ वाजू लागले. त्याच वेळी आंबेडकरी चळवळीतही या चित्रपटावरून दोन तट पडले. एक गट म्हणाला, जातीच्या हत्येवरचा असा चित्रपट मराठीत झालाच नव्हता. दुसरा गट म्हणाला, आमच्या पोरांच्या मरणावर यांनी नाचायची गाणी केली आणि पैसा कमावला. हा वाद आजही मिटलेला नाही. आम्हाला तो मिटवायचा नाही, पण तो इतिहासाच्या आधारे व्हावा असे वाटते. दोन्ही बाजू चित्रपटाबद्दल बोलतात, पण त्याच्या आधीच्या ऐंशी वर्षांबद्दल कोणी बोलत नाही.

सुरुवात १९१६ पासून करावी लागेल. ९ मे १९१६ रोजी कोलंबिया विद्यापीठात बाबासाहेबांनी भारतातील जातींवरचा आपला निबंध वाचला. तेव्हा ते पंचवीस वर्षांचे होते. जातीचे मूळ लक्षण म्हणजे जातीतल्या जातीत लग्न, हा त्या निबंधाचा गाभा. जात टिकवायची तर स्त्रीवर पहारा हवा. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या प्रथा त्या पहाऱ्यासाठीच आल्या, हे त्यांनी तिथे मांडले. वीस वर्षांनी, १९३६ साली, ‘जातिप्रथेचे विध्वंसन’ या न झालेल्या भाषणात ते आणखी पुढे गेले. जात मोडण्याचा खरा उपाय आंतरजातीय विवाह हाच आहे, सहभोजने पुरेशी नाहीत, असे त्यांनी सांगितले. पण लोक असा विवाह का करत नाहीत? कारण त्यांच्या मनावर शास्त्रांची सत्ता आहे, ती सत्ता आधी मोडा, हेही त्यांनी तिथेच बजावले. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाला ते झेपले नाही. बाबासाहेबांनी ते भाषण स्वतः छापून काढले.

त्याच १९३६ साली मुंबईच्या बॉम्बे टॉकीजने ‘अछूत कन्या’ काढला. देविका राणी आणि अशोक कुमार त्याचे नायक-नायिका. रेल्वे फाटकावरच्या अस्पृश्य चौकीदाराची मुलगी कस्तुरी आणि ब्राह्मणाचा मुलगा प्रताप यांचे प्रेम. दोघांची लग्ने शेवटी आपापल्या जातीतच होतात. पुढे गैरसमज होतो, फाटकावर मारामारी होते आणि ती थांबवायला धावलेली कस्तुरी गाडीखाली जाते. मग ती देवीसारखी पूजनीय होते.

मित्रांनो, इथे नीट बघा. कस्तुरी मेली, पण तिला मारले कोणी? गाडीने! ब्राह्मण्याच्या हाताला रक्त लागले नाही. येवल्याच्या घोषणेला जेमतेम वर्ष झाले होते. मे १९३६ च्या शेवटी मुंबईत महार परिषद भरली आणि बाबासाहेबांनी धर्मांतराचा मार्ग उघडपणे मांडला. हजारो अस्पृश्य ‘आम्ही या धर्मात राहणार नाही’ म्हणत असताना पडद्यावरची अस्पृश्य मुलगी मात्र मूकपणे मरत होती आणि मेल्यावर तिची देवी होत होती. गांधीवादी हरिजनोद्धाराला अशीच मुलगी हवी होती.

पण याच चित्रपटाच्या संगीताची एक गोष्ट आहे आणि ती चळवळीतल्या प्रत्येक मुलीला माहीत असायला हवी. ‘अछूत कन्या’ला संगीत दिले सरस्वती देवी यांनी. हिंदी सिनेमाच्या सुरुवातीच्या काळातल्या मोजक्या स्त्री संगीतकारांपैकी त्या एक. त्यांचे खरे नाव खुर्शीद मिनोचर होमजी. त्या पारशी होत्या. पारशी बाईने सिनेमात काम करावे, हे त्यांच्या समाजातल्या पुढाऱ्यांना खपले नाही आणि मोठा विरोध झाला. त्यांना आणि त्यांच्या बहिणीला नाव बदलून काम करावे लागले. म्हणजे पडद्यावर जातीच्या पहाऱ्याची गोष्ट चालू होती आणि पडद्यामागे त्या गोष्टीला चाल लावणारी बाईच समाजाच्या पहाऱ्यात होती. बाबासाहेबांनी १९१६ साली सांगितलेला पहारा तो हाच.

तेवीस वर्षांनी, १९५९ साली, बिमल रॉय यांचा ‘सुजाता’ आला. नूतन आणि सुनील दत्त यांच्या भूमिका, सचिन देव बर्मन यांचे संगीत. ब्राह्मण घरात वाढलेली अस्पृश्य मुलगी आणि ब्राह्मण तरुण यांची ही गोष्ट. तिच्यात प्रेमापायी कोणी मरत नाही. पण सुजाताचा स्वीकार कधी होतो? तिला वाढवणाऱ्या आईला तिचे रक्त दिले जाते तेव्हा. म्हणजे माणूस असल्याचा पुरावा रक्त देऊन द्यायचा! या चित्रपटातले सर्वात गाजलेले गाणे नायक टेलिफोनवरून गातो. सुजाता पलीकडे रिसीव्हर धरून ऐकते आणि डोळे पुसते. गाणे गोड आहे, तलत महमूद यांचा आवाजही गोड आहे. पण प्रेम कोण देतो आणि कोण झेलतो, हे त्या तारेने ठरवून टाकले. १९५६ च्या धम्मदीक्षेला तेव्हा तीन वर्षे झाली होती. चित्रपटात गांधी आहेत, टागोरांची चांडालिका आहे. बाबासाहेब नाहीत.

आता ‘सैराट’कडे या. करमाळा परिसर, उसाचे फड, विहीर, पाटलांचा वाडा. आर्ची पाटलाची मुलगी, परशा मासे धरून पोट भरणाऱ्या घरातला. आर्ची बुलेट चालवते, ट्रॅक्टर चालवते, परशाला नजर भिडवून बघते. इथे प्रेम झेलणारा परशा आहे आणि पुढाकार घेणारी आर्ची आहे. आणि शेवटी दोघांना मारणारे हात दिसतात. ते हात भेटवस्तू घेऊन आलेले असतात, माहेरची माणसे म्हणून चहा पितात आणि मग गळे कापतात. १९३६ साली मारणारी गाडी होती. १९५९ साली दया होती. २०१६ साली मारणारा भाऊ आहे. हा ऐंशी वर्षांतला फरक आहे आणि तो लहान नाही.

आमच्यातल्या टीकाकारांचे मुद्दे आता एकेक करून घेऊ.

पहिला मुद्दा : चित्रपट जात ठळकपणे उच्चारत नाही. हे अर्धे खरे आहे. पण वर्गात लोखंडे सरांच्या कानाखाली वाजवणारा पाटलाचा मुलगा आठवा. त्याला काही होत नाही. परशाच्या बापाला त्याचीच जातपंचायत वाळीत टाकते आणि तो पंचांसमोर स्वतःला मारून घेतो, तेही आठवा. सामाजिक बहिष्कारविरोधी कायदा महाराष्ट्र विधिमंडळाने मंजूर केला तो एप्रिल २०१६ मध्ये, म्हणजे ‘सैराट’च्याच महिन्यात. तो लागू व्हायला २०१७ उजाडले. ज्याला जात बघायची आहे त्याला ती या चित्रपटात पावलोपावली दिसते.

दुसरा मुद्दा : शेवट बघून आमची पोरे घाबरतील. आमचे म्हणणे असे की भीती ‘सैराट’ने आणली नाही. जानेवारी २०१३ मध्ये सोनईत प्रेमसंबंधावरून तीन तरुणांची हत्या झाली. २८ एप्रिल २०१४ रोजी खर्ड्यात सतरा वर्षांच्या दलित विद्यार्थ्याला मारून झाडाला लटकवले. सवर्ण मुलीशी बोलतो, एवढाच त्याच्यावर आरोप होता. करमाळ्यापासून जामखेड तालुका लांब नाही. या हत्येला दोन वर्षे पूर्ण झाली आणि दुसऱ्याच दिवशी ‘सैराट’ प्रदर्शित झाला. नोव्हेंबर २०१७ मध्ये त्या खटल्यातले आरोपी निर्दोष सुटले. साक्षीदार फितूर झाले होते. भीतीचे कारण शोधायचे असेल तर ते त्या न्यायालयाच्या आवारात शोधा, थिएटरात सापडणार नाही.

तिसरा मुद्दा संगीताचा, आणि तो सर्वात वजनदार आहे. अजय-अतुल यांनी ‘सैराट’चे संगीत लॉस एंजेलिसच्या सोनी स्कोअरिंग स्टेजवर सिंफनी वाद्यवृंद घेऊन ध्वनिमुद्रित केले. आमचे काही साथी विचारतात, गावकुसाबाहेरच्या पोराच्या प्रेमाला हॉलिवूडचे व्हायोलिन कशाला? भीमराव कर्डक, वामनदादा कर्डक यांच्या जलशाची परंपरा असलेल्या समाजाला हलगी, ढोलकी आणि शाहिरी पुरेशी नव्हती का? आणि ज्या वाड्यांनी आमची पोरे मारली त्याच वाड्यांच्या हळदीत ‘झिंगाट’ वाजते, मग या संगीताने जातीचे काय वाकडे केले?

शेवटचा प्रश्न आम्हाला पूर्ण मान्य आहे. गाणे जातीची भिंत ओलांडते, गाणारा मात्र बाहेरच राहतो, हा या देशाचा जुना रिवाज आहे. लग्नात वाजंत्री हवी, पण वाजवणाऱ्याची पंगत वेगळी. तमाशा हवा, तमासगिरीण घरात नको. प्रल्हाद शिंदे यांची विठ्ठलाची गाणी महाराष्ट्राच्या घराघरांत वाजली. त्याच गळ्यातली भीमगीते मात्र वस्तीबाहेर किती घरांनी लावली? आणि मे २०१५ ची शिर्डी विसरू नका. मोबाईलवर बाबासाहेबांच्या गाण्याची रिंगटोन वाजली म्हणून एका दलित तरुणाला मारून टाकले. ‘सैराट’च्या अकरा महिने आधीची ही घटना आहे. ज्या महाराष्ट्राने एका गाण्यासाठी माणूस मारला, तोच महाराष्ट्र वर्षभरात दुसऱ्या गाण्यावर बेभान नाचला. नाचला म्हणून तो बदलला असे कोणी समजू नये.

पण म्हणून ते संगीत चुकीचे ठरते का? आम्हाला तसे वाटत नाही. चित्रपटात चार गाणी आहेत : ‘याड लागलं’, ‘आताच बया का बावरलं’, ‘सैराट झालं जी’ आणि ‘झिंगाट’. चारही पूर्वार्धात आहेत. दोघे गाव सोडून पळतात आणि गाणी संपतात. हैदराबादच्या झोपडपट्टीत व्हायोलिन नाही. तिथे भांडण आहे, कामावरची पाळी आहे, आर्चीचे माहेरच्या आठवणीने रडणे आहे. आणि शेवटी रक्ताच्या पावलांनी ते लेकरू बाहेर येते तेव्हा अजिबात संगीत नाही. सगळे थिएटर गप्प झाले होते ते यामुळे. एवढा मोठा वाद्यवृंद आधी ऐकला नसता तर ती शांतता इतकी बोचली नसती. आणि व्हायोलिनवर हक्क कोणाचा, हा प्रश्न आंबेडकरी माणसाने तरी विचारू नये. बाबासाहेबांनी सूट घातला तेव्हाही काही जणांनी हेच विचारले होते. करमाळ्याच्या पोरापोरीच्या प्रेमाला जगातला भारीतला वाद्यवृंद मिळाला, तर त्यात लाज कसली?

याचा पुरावा ‘धडक’ने दिला. २०१८ साली ‘सैराट’ हिंदीत आला. संगीतकार तेच, ‘झिंगाट’ तेच. गाव उदयपूर झाले, जात जवळपास पुसली गेली आणि शेवट बदलला. तिथे मुलगा आणि लेकरू मरतात, वरच्या घरची मुलगी जिवंत राहते. बघा, काय वगळले गेले! ‘सैराट’मध्ये आर्चीलाही मारले जाते, तेही तिच्याच माहेरच्यांकडून. जात टिकवण्यासाठी स्वतःची मुलगीसुद्धा मारली जाते, हे १९१६ चे सत्य. ‘धडक’ने नेमके तेच सोडले. तीच चाल तिथे नुसता नाचण्याचा ठेका होऊन राहिली. संगीताचे वजन कथेतल्या जातीच्या सत्यातून आले होते, हे यावरून कळते.

चळवळीबाहेरूनही ‘सैराट’वर हल्ला झाला. या चित्रपटामुळे शाळकरी मुली बिघडतात, आमच्या समाजाची बदनामी होते, अशी ओरड झाली. जुलै २०१६ मध्ये कोपर्डीत एका मुलीवर निर्घृण अत्याचार होऊन तिची हत्या झाली. त्या गुन्हेगारांना शिक्षा व्हायलाच हवी होती आणि न्यायालयाने २०१७ मध्ये ती दिली. पण त्यानंतरच्या मोर्चांत अ‍ॅट्रॉसिटी कायदा बदलण्याची मागणी आली. एका गुन्ह्यासाठी सगळ्या समाजाचे संरक्षण काढून घ्या, ही कुठली न्यायबुद्धी? मराठा तरुणांना आम्ही एवढेच सांगतो, आंतरजातीय विवाहाला आपल्या संस्थानात कायद्याची मान्यता देणारे छत्रपती शाहू महाराज तुमचेही आहेत. आर्ची तुमची बहीण आहे. तिला मारणाऱ्याला तुम्ही काय म्हणता, ते आधी सांगा.

‘सैराट’वर आमचा एक आक्षेप मात्र आहे आणि आमच्या साथींनी तो फारसा मांडलेला नाही. आर्ची आणि परशाच्या आयुष्यात संघटना नाही. हैदराबादेत डोसे विकणारी सुमनअक्का त्यांना आसरा देते. तिच्या माणुसकीला सलाम! पण वकील नाही, कार्यकर्ता नाही, वसतिगृह नाही, विहार नाही. मंजुळे यांनी हे खोटे दाखवले का? नाही. खरोखरच बहुतेक जोडप्यांच्या मागे आपण कोणी नसतो. हा आक्षेप फिरून आपल्याच दारात येतो. महार, मांग, चांभार, वाल्मिकी यांच्यातली लग्ने आपल्या वस्तीत किती होतात? ‘जय भीम’ म्हणणाऱ्या घरात पोटजात विचारली जाते की नाही? बाबासाहेबांनी १९४८ साली सारस्वत ब्राह्मण घरातल्या डॉ. शारदा कबीर यांच्याशी विवाह केला आणि आपले म्हणणे स्वतः जगून दाखवले.

२७ मार्च २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने शक्ती वाहिनी खटल्यात निकाल दिला. आंतरजातीय, आंतरधर्मीय जोडप्यांच्या रक्षणासाठी प्रत्येक जिल्ह्यात विशेष कक्ष असावा आणि राज्यांनी सुरक्षित निवारागृहांचा विचार करावा, असे त्यात सांगितले आहे. विशेष विवाह कायद्याखाली अजूनही तीस दिवसांची नोटीस कार्यालयात लागते आणि ती नोटीस बघून घरचे लोक शोध काढतात. तेव्हा ‘सैराट’ चांगला की वाईट यावर रात्रभर भांडणाऱ्या आपल्या तरुणांना आमचे एक सांगणे आहे. भांडा, जरूर भांडा. पण उद्या सकाळी जिल्हाधिकारी कार्यालयात आणि पोलीस अधीक्षक कार्यालयात जाऊन विचारा : आपल्या जिल्ह्यातला तो कक्ष कुठे आहे, फोन कोण उचलतो, निवारागृहात खाटा किती आहेत? उत्तर मिळाले नाही तर माहिती अधिकारात अर्ज करा. आपल्या तालुक्यातल्या दोन वकिलांचे आणि चार कार्यकर्त्यांचे नंबर कॉलेजच्या पोरापोरींपर्यंत पोहोचवा. पुढच्या आर्ची-परशाला पळावे लागले, तर त्यांना आधी आपले दार सापडले पाहिजे.

जय भीम!