तारेत ओवलेली खुशाली

दिवाळी अंकासाठी इतिहासावर काहीतरी लिहा, असे संपादकांनी म्हटले की आम्हा शिक्षकांचा हात आपोआप किल्ल्यांकडे, तहांकडे नाहीतर सीमालढ्याकडे जातो. यंदा मी आमच्या माळ्यावरची एक तार खाली काढली आहे. पन्नाशी ओलांडलेल्या वाचकांना ही तार म्हणजे काय ते सांगायला नको. तरुणांसाठी सांगतो. जाड लोखंडी तार, वरचे टोक आकड्यासारखे वळवून खुंटीला अडकवलेले, खाली लाकडाची चकती. आलेले पत्र सर्वांचे वाचून झाले की मधोमध टोचून तारेत ओवायचे. आमच्या तारेवर १९४९ पासून १९९८ पर्यंतची पत्रे आहेत. त्यांत एकही तह नाही. कोणाला गोवर आला, कोणाचा दात पडला, म्हैस कधी व्याली, मांजरीने पिल्ले कोठे हलवली, कोण पेटी शिकू लागले, स्वेटरची लोकर कोणत्या रंगाची मिळाली, एवढाच सारा मजकूर.

मी एम.ए. केले तेव्हा अशा कागदांना कोणी साधन म्हणत नव्हते. पण सीमाभागाचा इतिहास आपण ठराव, आयोग आणि खटले यांच्यातूनच वाचत आलो. त्याच वर्षांत आपली घरे काय करत होती, हे या कार्डांखेरीज मला दुसरीकडे कोठे सापडले नाही. आणि ती वाचू शकणारी माणसे आता फार थोडी उरली आहेत.

घरची खुशाली कळवण्याची आपली रीत जुनी आहे. पेशवेकालीन पत्र उघडले की आरंभी साष्टांग नमस्कार, मग येथील कुशल जाणून स्वकीय कुशल लिहीत जावे, आणि त्यानंतर ‘विशेष’. पुढे लढाईचा मजकूर असो की कर्जाचा, ती खुशालीची ओळ ओलांडल्यावाचून कोणी पुढे जात नसे. आपले वडील कार्डाच्या माथ्यावर जे ‘सा. न. वि. वि.’ लिहीत, ते याच साच्याचे आखूड रूप: साष्टांग नमस्कार विनंती विशेष. इतिहासाचार्य राजवाडे यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ साली काढला, तेव्हापासून अशी हजारो पत्रे छापली गेली. आम्ही वाचणारे मात्र खुशालीची ओळ सोडून थेट ‘विशेष’कडे उडी मारतो.

त्यामुळे काय निसटते त्याचे एक उदाहरण देतो. सवाई माधवराव म्हटले की नववीची मुले बारभाई आणि १७९५ ची खर्ड्याची लढाई घडाघडा सांगतात. १७७४ साली पुरंदरावर जन्मलेल्या या मुलाला जनावरांची विलक्षण हौस होती, हे त्यांना ठाऊक नसते. पर्वतीच्या पायथ्याशी त्याचा शिकारखाना होता. तेथल्या गेंड्याचे चित्र गंगाराम तांबट या पुण्याच्या चित्रकाराने इंग्रज वकील मॅलेट याच्यासाठी १७९० साली काढले, आणि ते आजही पाहायला मिळते. आजी गोपिकाबाई यांनी या नातवाला दिनचर्या कशी असावी, थोरांशी कसे वागावे याबद्दल लिहून पाठवलेली शिकवणही प्रसिद्ध आहे. गेंडा पाळणारा मुलगा आणि दुरून उपदेश लिहिणारी आजी म्हटल्यावर वर्ग एकदम जागा होतो. ‘सर, गेंड्याचे नाव काय होते?’ असे एका मुलीने विचारले होते. प्रश्न अगदी योग्य होता.

सामान्य घरांच्या हाती पत्र आले ते टपाल स्वस्त झाल्यावर. १८५४ साली देशभर एकच दर लागू झाला. अर्ध्या तोळ्याचे पत्र अर्ध्या आण्यात, अंतर कितीही असो. १ जुलै १८७९ रोजी पाव आण्याचे पोस्टकार्ड आले आणि सासरी गेलेल्या मुलीची खुशाली मागवणे गरिबालाही परवडू लागले. कार्ड उघडे, शिवाय खेड्यात पोस्टमननेच ते वाचून दाखवायचे. तेव्हा त्यात काय लिहायचे आणि काय नाही याचे शिस्तबद्ध शास्त्रच तयार झाले. भांडण, कर्ज, सोयरिकीतली अडचण हे पाकिटात, किंवा समक्ष भेटीत. कार्डावर मुले, गुरे, पाऊस आणि पीक. तळाशी थोरांस नमस्कार, लहानांस आशीर्वाद, आणि समासात उभ्या ओळीत राहून गेलेली सर्वांत महत्त्वाची गोष्ट.

या स्वस्त टपालाने माणसे कोठून कोठे जोडली गेली, याचे सर्वांत मोठे उदाहरण आपल्या शेजारच्या कोल्हापुरातून सुरू होते. गोपाळराव जोशी हे टपाल खात्यातले नोकर. पत्नी आनंदीबाई हिला अमेरिकेत शिकवता येईल का, अशी विचारणा त्यांनी १८७८ साली तेथून केली. कोल्हापुरात पूर्वी राहिलेल्या वाइल्डर नावाच्या पाद्र्यांनी हा पत्रव्यवहार अमेरिकेत आपल्या मासिकात छापला. न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या श्रीमती कार्पेंटर यांच्या वाचनात तो १८८० साली आला आणि त्यांनी आनंदीबाईंना पत्र घातले. एकमेकींना न पाहता दोन घरांत पत्रे सुरू झाली. आनंदीबाई त्यांना मावशी म्हणू लागल्या. जून १८८३ मध्ये त्या न्यूयॉर्कला उतरल्या, त्या या मावशीच्या भरवशावर. मार्च १८८६ मध्ये त्या डॉक्टर झाल्या, २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात वारल्या, आणि त्यांची रक्षा न्यूयॉर्क राज्यातल्या पकिप्सी येथे कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवली गेली. चरित्रांत आपण पदवीचे वर्ष पाठ करतो. त्या पदवीच्या मुळाशी असलेली तीन वर्षांची खुशालीची पत्रे मात्र कोणी पाठ करत नाही.

आता आमच्या तारेकडे येतो. आमचे घर खानापूर तालुक्यातले. आजोबांच्या दोन मुली लांब दिल्या. थोरली बडोद्यास, धाकटी १९५५ साली इंदूरला. आजीला अक्षरओळख नव्हती. ती सांगे आणि शाळकरी वयातले माझे वडील लिहीत. आमच्याकडे अर्थात आलेली पत्रेच आहेत, गेलेली नाहीत. आजीने काय विचारले असेल ते उत्तरांवरून ताडावे लागते.

१७ जानेवारी १९५६ रोजी बेळगावात गोळीबार झाला. आजही सीमाभागात तो हुतात्मा दिन म्हणून पाळतात. त्या महिन्याच्या इंदूरच्या कार्डात एरवीचा सगळा मजकूर आहे, पण सर्व सुखरूप आहात ना, हे वाक्य दोनदा आले आहे. एकदा आरंभी, एकदा शेवटी. उघड्या कार्डावर तिला एवढेच लिहिता आले. मग १ नोव्हेंबर आला. त्या वर्षी तो ऐन दिवाळीच्या दिवसांत होता. त्या एका तारखेला बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेला आणि इंदूर मध्य भारतातून मध्य प्रदेशात. आईचा आणि लेकीचा, दोघींचाही पत्ता एकाच सकाळी बदलला! बडोद्याच्या आत्याचे मुंबई राज्य १ मे १९६० पर्यंत टिकले, मग तीही गुजरातची झाली. एका आईच्या तीन घरांना तीन राज्ये, आणि त्यांपैकी एकही मराठी राज्य नाही.

त्या दिवाळीतली चार कार्डे तारेवर आहेत. राज्याबद्दल त्यांत एक अक्षर नाही. चकली मऊ पडली म्हणून भाजणीचे प्रमाण पुन्हा विचारले आहे. बडोद्याच्या धाकट्याला कुत्र्याचे पिल्लू हवे आहे आणि सासूबाई घरात घेऊ देत नाहीत. इंदूरची आत्या विणायला शिकते आहे आणि भावाच्या छातीचे माप मागते आहे. पत्त्यात मात्र गंमत दिसते. पुढचे कित्येक महिने ती आधी ‘मुंबई राज्य’ लिहून मग खोडते आणि वर ‘म्हैसूर’ लिहिते. खोडलेले असो नसो, टपाल येतच राहिले. १९७२ साली पिनकोड आला, १९७३ मध्ये म्हैसूरचे कर्नाटक झाले. ती प्रत्येक गोष्ट पत्त्याच्या चार ओळींत उमटली आहे, आत कोठेही नाही.

याचा अर्थ या माणसांना राज्याचे काही वाटत नव्हते असा कोणी काढू नये. माझे आजोबा सभांना चालत जात. पण मुलीला पत्र घालताना त्यांना तिच्या मुलांची नावे लिहायची होती.

भाषेच्या दृष्टीनेही हा ऐवज पाहण्यासारखा आहे. साठच्या दशकात इंदूरच्या पत्रांत भाजीची ‘सब्जी’ होते, बडोद्याच्या पत्रांत ‘शाक’. आमच्या घरात अण्णा आणि अक्का होतेच, ते तिकडची मुलेही लिहू लागली. तीन शेजारभाषांनी आपापले शब्द दिले, पण ‘शि. सा. न.’ आणि ‘अ. उ. आ.’ यांना कोणी हात लावला नाही. भाच्यांनी मराठी शाळेत पाऊल टाकले नव्हते. त्यांचे मराठी लेखन झाले ते आईच्या पत्राखाली दोन ओळी लिहिण्यापुरते. त्याच दोन ओळींवर त्यांचे मराठी टिकले, असे माझे मत आहे. कुमार गंधर्वांसारखा आमच्या सुळेभावीचा मुलगा १९४८ पासून देवासला राहू लागला, तेव्हा बेळगाव आणि माळवा यांमधला सेतू सर्वांना दिसला. अशा शेकडो घरांचे लहान सेतू पाव आण्याच्या, पुढे काही पैशांच्या कार्डांवर उभे होते.

साधन म्हणून या तारेचे दोषही सांगायला हवेत. पहिला मोठा दोष म्हणजे तारेवर मृत्यू नाही. मृत्यूचे कार्ड वाचून तेथेच फाडून टाकायचे, घरात ठेवायचे नाही, ही आपली रीत. म्हणून आजोबा १९६७ साली गेले, हे तारेवरून कळतच नाही. एवढेच दिसते की बडोद्याची आत्या ‘ती. आई व अप्पा’ लिहीत होती, ती एकाएकी ‘ती. आई’ लिहू लागली. दुसरा दोष आमच्या काकांचा. त्यांना तिकिटे जमवण्याचा छंद होता. आंतर्देशीय पत्र १९५० मध्ये सुरू झाले, त्यावरचे छापील तिकीटसुद्धा त्यांनी कात्रीने कापून वहीत चिकटवले. तिकिटाबरोबर शिक्का गेला, शिक्क्याबरोबर तारीख गेली, आणि पाठीमागचे आत्याचे एक वाक्यही. वही अजून आहे. त्यातली तिकिटे पाण्यात सोडवून पाठीमागचे तुकडे पत्रांना जुळवण्याचा उद्योग मी सुट्टीत करतो. सौ. म्हणते, काकांचा छंद पुतण्याने उलटा चालवला आहे.

नव्वदच्या दशकात पत्रे विरळ होतात. रात्री अकरानंतर एस.टी.डी.चा दर पाव होई, तेव्हा बूथवर रांगा लागत. तारेवरचे शेवटचे कार्ड १९९८ चे, इंदूरचे. त्यात घरी फोन आल्याचे आणि क्रमांक असे दोनच वाक्यांत लिहिले आहे. पुढे तर तारखात्याची तारसुद्धा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. आता सगळी भावंडे मोबाइलवरच्या एका गटात आहेत. बातम्या पूर्वीपेक्षा अधिक येतात, कुत्र्यामांजरांचे फोटो तर रोज. माझा फोन गेल्या वर्षी बिघडला आणि त्याबरोबर चार वर्षांच्या खुशाल्या गेल्या.

आमच्या वाडवडिलांचे मोडीतले कागद आम्हाला वाचता येत नाहीत. माझ्या मुलीला देवनागरी येते, पण वडिलांचे घसटे अक्षर आणि ती आद्याक्षरे तिला लागत नाहीत. हे शिकवता येते आणि मी शिकवतोही. शाळेत पत्रलेखनाच्या तासाला हल्ली घरचे एक जुने पत्र आणायला सांगतो. पाचसहा मुलेच आणतात. बाकीच्यांकडे घर बांधताना ती रद्दीत गेलेली असतात.

शिकवता न येणारी गोष्ट वेगळी आहे. पत्रांत नावे येतात, पण ती कोणाची हे लिहिलेले नाही, कारण वाचणाऱ्याला ते ठाऊकच होते. १९६१ च्या पावसाळ्यात रूपा दोन दिवस काही खात नाही, वैद्य आणले, आई रात्रभर तिच्यापाशी बसली, असे आहे. ही रूपा मुलगी की गाय? वडील हयात नाहीत, बडोद्याची आत्याही नाही. इंदूरची आत्या आता अठ्ठ्याऐंशीची आहे. गेल्या महिन्यात अशा सतरा नावांची यादी करून मी तिला फोन लावला. नातवाने फोन तिच्या कानाशी धरला.

‘रूपा? अरे, तांबडी गाय ती, कपाळावर पांढरा टिळा. आई तिला मुलीसारखी जपायची,’ आत्या म्हणाली. मोती कुत्रा निघाला. बाबी ही आमच्या वाड्यातल्या कन्नड शेजाऱ्यांची मुलगी, आजीच्या हाताखाली वाढलेली. मन्या मांजर नव्हे, पोस्टमनचा मुलगा. चौदा नावे लागली. दोन तिला पुसट आठवतात, नक्की सांगवत नाही. राहिली गोदी. ती १९५३ च्या तीन पत्रांत आहे. तिच्यासाठी बडोद्याहून बांगड्या पाठवल्याचा उल्लेख आहे, आणि चौथ्या पत्रापासून ती कोठेच नाही. आत्या बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, ‘नाव ऐकल्यासारखं वाटतंय रे. उद्या पुन्हा विचार.’

मी रोज संध्याकाळी विचारतो आहे.